मुदत संपल्याची खबर

गुरुवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली आणि ती बघून मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला जरा बरा माणूस म्हणून दाखवणार; सगळेच दाखवतात. ओळ अशी होती: मालूबाई, फोपनार, मुदत संपली. तिच्या पाठोपाठ टेबलावरचा माझा मोबाइल वाजला, मीच निवडून लावलेल्या कर्कश भोंग्याच्या आवाजात, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असलेली प्राजक्ता, आमची टीम लीड, म्हणाली, "वा, आला की इव्हेंट." मी हसलो. चार महिने डोळे फोडून लिहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या देखत चालली की माणसाची छाती फुगते, तशी माझी फुगली. दोन सेकंद, फार तर तीन. मग त्या ओळीतलं नाव मी नाव म्हणून वाचलं. मालूबाई म्हणजे माझी आत्या.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करते. म्हणजे कंपनीतलं कोणी करत नाही, मशीन करतं. म्हाताऱ्या माणसाने रोज सकाळी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. आमच्या बुऱ्हाणपुरात मिस्ड कॉल ही बोलीच आहे. एक दिला तर पोचलो, दोन दिले तर खाली ये, आणि तीन दिले तर भांडण आहे. तेव्हा ही कल्पना मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. मिस्ड कॉल आला की त्या माणसाची नोंद कॅशमध्ये होते. कॅश म्हणजे कॉम्प्युटरने हाताशी ठेवलेलं फडताळ, लागणाऱ्या वस्तू पटकन सापडाव्यात म्हणून. नोंदीला सव्वीस तासांची मुदत. तेवढ्यात दुसरा मिस्ड कॉल आला तर मुदत पुन्हा नव्याने सुरू. नाही आला तर नोंद संपली, आणि ती संपल्याचं घरच्यांना कळवायचं. हे कळवणाऱ्याला लिसनर म्हणतात. हे फडताळ सांभाळणारं कोड, म्हणजे आमची जावातली कॅश लायब्ररी, कंपनीतलाच कोणीतरी लिहून नोकरी सोडून गेलेला, तिला लिसनर नव्हते. ते जोडायचं काम माझ्याकडे आलं. नोंद आली, बदलली, काढली, मुदत संपून गेली, अशा चारही वेळी लिसनरला हाक मारायची, की झालं. मी ते चोख केलं. निदान गुरुवारी अकरा वाजून बारा मिनिटांपर्यंत मी तसं मानत होतो.

"भूपेंद्र, टाइमस्टॅम्प बघ," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "शेवटचा कॉल मंगळवारचा आहे." मंगळवार, सकाळी सात चाळीस. त्यात सव्वीस तास मिळवायला कॉम्प्युटर कशाला लागतो. बुधवारी नऊ चाळीस. काल. भोंगा काल सकाळी नऊ चाळीसला वाजायला हवा होता आणि तो आत्ता वाजला होता, मी आत्याचं नाव टाकून नोंद दाखव म्हटल्यावर. खालच्या मजल्यावर घरमालकांचे पॉवरलूम चालतात, त्यांची खटखट मला आठ वर्षांत ऐकू येईनाशी झालीय. ती त्या क्षणी एकदम ऐकू आली. मी स्क्रीनकडे बघत होतो आणि मला कळून चुकलं होतं की हे कसं झालं. पूर्ण कळलं होतं, एका झटक्यात, कुणाच्या मदतीशिवाय. आणि मला लाज वाटते सांगायला, आत्याला फोन लावण्याआधी मी ते कोड उघडून बघितलं.

होतं तसंच. मुदत संपली म्हणून नोंद आपोआप उठून जात नाही. ती तिथेच पडून राहते. कोणी येऊन तिचं नाव घेतलं, किंवा आजूबाजूला दुसऱ्या नोंदींची ये-जा झाली, की त्या गडबडीत लायब्ररी हिच्याकडेही बघते, अरे, ही तर संपली, म्हणते आणि बाहेर काढते. माझा लिसनर त्या बाहेर काढण्यावर बसवलेला. कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवर मिनिटाला शेकडो मिस्ड कॉल येतात, तिथे कोणी ना कोणी शेजारून जातच असतं, म्हणून तिथे खबर वेळेवर जाते, कधी चुकली नाही. पण आत्याची नोंद त्या सर्व्हरवर नव्हतीच. ती माझ्या टेबलाखाली होती, जुन्या लॅपटॉपमध्ये, एक जुना मोबाइल त्याला जोडलेला. टेस्टिंगला खरं माणूस हवं होतं आणि घरचं माणूस असताना बाहेर कशाला शोधायचं, असा आपला हिशेब. नंतरही मी तिला तिथेच ठेवलं; घरातल्या माणसाचं काम घरातल्या मशीनवर, यात मला आपलेपणा वाटला होता. अख्ख्या कॅशमध्ये तिची एकटीची नोंद. शेजारून जाणारं कोणी नाही. आणि टेस्टिंग करताना ते बरोबर चाललं, कारण तेव्हा मी दर मिनिटाला बघत होतो, संपली का, संपली का. माझ्या बघण्यानेच ते चालत होतं. प्राजक्ताने कोड तपासताना विचारलं होतं, "हे नेमकं केव्हा फायर होतं?" मी लिहिलं होतं, "मुदत संपली की." वर मनातल्या मनात तिला दोन शब्द हासडले होते, एवढं साधं विचारतात का म्हणून.

आत्याचा फोन वाजत राहिला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. निशा, माझी बायको, हातात निवडायची मेथी घेऊन दारात उभी राहिली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "क्या हुआ?" आमचं आपसातलं बोलणं असंच अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. मी म्हटलं, "आत्या." ती म्हणाली, "आत्याला काय झालं?" मला माहीत नव्हतं. हेच तर होतं, मला काही माहीत नव्हतं. मी आत्याच्या शेजारच्या कडूला फोन लावला. तो शेतात होता, केळीचे घड उतरवणं चाललं होतं, मागे माणसांचा गलका. "कडूभाऊ, आत्याला पाहिलंत का तुम्ही?" तो म्हणाला, "काल काही दिसल्या नाही. मले वाटलं तुमच्याकडं गेल्या बुऱ्हानपूरले." मी म्हटलं, "जरा घरी जाऊन बघता का, आत्ता?" त्याने काही न विचारता फोन ठेवला, ठेवता ठेवता तो पळत सुटल्याचा आवाज आला.

गाडीवर निशा मागे बसली. फोपनारचा रस्ता अर्ध्या तासाचा, केळीच्या ट्रका आडव्या आल्या नाहीत तर. मी आठवायला लागलो की आत्याचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो होतो. आज पंचवीस दिवस होत होते. मंगळवारपर्यंत रोज सकाळी तिने मिस्ड कॉल दिला आणि रोज मशीनने तो घेतला, आणि मला ती रोज भेटल्यासारखी वाटत होती. याआधी मी रोज संध्याकाळी फोन करायचो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, आत्याने मला दहावीपर्यंत फोपनारात आपल्याजवळ ठेवलं, तिला मूलबाळ नाही, फुवा, म्हणजे तिचे यजमान, तेही लवकर गेले. तेव्हा फोन करणं हे काही उपकार नव्हते. पण काय बोलायची ती, देवा. कडूच्या म्हशीने दूध आटवलं. निंबोल्याची कोणतीतरी सुलभा, जिला मी जन्मात पाहिलं नाही, तिच्या मुलीचं जमलं. मोटार बंद, लाइट गेली, लाइट आली. मी फोन स्पीकरवर टाकून हुं हुं करत टायपिंग करायचो, आणि तिला ते कळायचं. एकदा म्हणाली, "तुह्या बोटांचा आवाज येते रे बाबू. काम असंन त कर." रागावून नाही म्हणाली. मला मात्र राग आला होता, पकडलो गेलो म्हणून. लिसनर झाला त्या दिवशी मी तिला समजावून सांगितलं, आत्या, आता फोनची झंझटच नाही, तू सकाळी फक्त मिस्ड कॉल दे, नाही दिलास तर दहाच्या आत मला कळतं आणि मी निघतो. तिने लक्ष देऊन ऐकलं. "दहाच्या आत?" "दहाच्या आत." तिला ते फार भारी वाटलं होतं, तिने ते गल्लीत चार घरी सांगितलं होतं.

आणि रोज सकाळी मी बघतही होतो, हे मला शाहपूरच्या अलीकडे आठवलं आणि मी गाडी जवळजवळ बाजूला घातली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, नोंदी किती आहेत त्याचा. बुधवारी सकाळी मी चहा पिताना तो बघितला होता. नोंदी: एक. आज सकाळीही बघितला होता. नोंदी: एक. मी मान डोलावली होती. लायब्ररी नुसती मोजताना मेलेल्या नोंदीही धरते. मोजायला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. म्हणजे दोन्ही दिवस आत्याला तिकडे काहीतरी झालेलं होतं, आणि मी चहा पीत ती एक आहे असं मोजून खुशाल पुढच्या कामाला लागलो होतो. मागून निशा म्हणाली, "अहो, हळू." मी म्हटलं, "मी मारलं तिला." तिने माझ्या शर्टाला घट्ट धरलं फक्त. त्या अर्ध्या तासात मी आत्याला इतक्या प्रकारांनी मेलेली बघितलं की काय सांगू. चुलीजवळ, खाटेवर, ओट्यावर. आणि दर वेळी डोक्यात एकच हिशेब, मंगळवारी गेली असेल तर माझी चूक नाही, बुधवारी दहाच्या नंतर गेली असेल तर आहे. मी चक्क मनात म्हणत होतो की मंगळवारीच गेलेली असू दे. आत्या मेलेली असली तरी चालेल, पण वेळेत मेलेली असू दे. माणूस इतका नालायक असू शकतो हे मला दुसऱ्याबद्दल माहीत होतं.

कडूचा फोन आला तेव्हा आम्ही गावाच्या वेशीला होतो. "जित्त्या हायेत," तो म्हणाला. धापा टाकत होता. "अंदरून कडी होती, मी कौलं काढून उतरलो. न्हाणीत पडेल हायेत. मी नाही गेलो तिथं, माही बायको गेली. तू ये, टेंशन नको घेऊ, गाडी बोलावली मी." मी फोन खिशात टाकला आणि पुढचं काही नीट आठवत नाही. आत्याला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं होतं. ओठ फाटलेले, डोळे उघडे, आणि ती एवढीशी झालेली, कपड्यांचं बोचकं उचलावं तशी दोघांनी उचलली. मला बघून तिने काहीतरी म्हटलं पण आवाज उमटला नाही, नुसती हवा आली. निशा तिचे तळपाय चोळत बसली. माघातली थंडी आणि न्हाणीची फरशी. एक दिवस, एक रात्र, वर आणखी अर्धा दिवस.

बुऱ्हाणपूरला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खुबा मोडलाय, पण सध्या त्याची काळजी नाही. अंगातलं पाणी गेलंय, किडनीवर ताण आलाय, दोन दिवस काही सांगता येणार नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कल सुबह ले आते तो बात अलग थी. इतनी देर कैसे हुई?" मी तोंड उघडलं. माझ्याआधी कडू बोलला. "देर कहां, साब. इनके कंप्यूटर ने बताया इसलिए तो मिलीं. नहीं तो हमें हफ्ताभर पता नहीं चलता." डॉक्टरांनी माझ्याकडे जरा कौतुकाने बघितलं. कडूने तीच गोष्ट बाहेरच्या बाकावर बसलेल्या लोकांना सांगितली, कंपाउंडरला सांगितली, निंबोल्याहून धावत आलेल्या नातेवाइकांना सांगितली. प्रत्येक वेळी गोष्टीत भर पडत होती. पाच वाजेपर्यंत गोष्ट इथवर आली की मशीनने आत्या कुठे पडलीय तेसुद्धा सांगितलं होतं. एका म्हाताऱ्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याला म्हणायला हवं होतं, बाबा, हात काढा. मी पाया पडलो. प्राजक्ताचा मेसेज आला: काकू कशा आहेत, घाई नाही पण सर विचारताहेत, लिसनरमुळे एक जीव वाचला हे कंपनीच्या पानावर लिहायचं का, तुझ्या परवानगीने. तिला वेळ माहीत होती. तिनेच टाइमस्टॅम्प बघ म्हटलं होतं. मी विचार केला, हिला कळलं नसेल की ही मला सुटायची वाट देतेय? मी फोन उलटा करून ठेवला.

शुक्रवारी दुपारी आत्याला बोलता यायला लागलं. लघवी व्हायला लागली होती, डॉक्टर खूश होते. निशा डबा आणायला घरी गेली होती आणि मी एकटा खाटेजवळ बसलो होतो. आत्याने माझा हात धरला. तिचा हात कोरडा, खरखरीत आणि चांगलाच जोरकस होता, मला बरं वाटलं. ती हळूहळू सांगायला लागली. बुधवारी पहाटे आंघोळीला गेली, पाय सरकला, खुब्यातून कट असा आवाज आला. फोन आत देवळीत. बादलीत पाणी होतं, ते दिवसभर ओंजळीने प्यायली. मी म्हटलं, "आत्या, हाका का नाही मारल्या गं? कडूची बायको तर भिंतीपलीकडे असते."

"भांडे घाशी राहिली होती," आत्या म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं मले. पोराले शिव्या देत होती, तेही ऐकलं. पन अंगावर धड लुगडं नाही, अन आधी कडूच धावत येईन, त्याले कसं बोलवू? म्हटलं, दहाच्या आत तुले मशीन सांगनारच हाये. तू येशीन, संग निशाले आनशीन. घंट्या-दोन घंट्याची गोष्ट. कायले तमाशा करा." तिने थुंकी गिळली. "ते सगळे साडेनऊले वावरात गेले. दहा झाले असतीन, ऊन मोरीपर्यंत आलं होतं. मंग ओरडली मी. लई ओरडली. कोनी नव्हतं. सांजच्याले ते घरी आले, तवर गळाच राहिला नाही."

मला वाटतं, माणसाला धक्का बसतो तेव्हा त्याला काही वाटत नाही, नुसतं दिसतं. मला समोरच्या सलाइनच्या नळीतला बुडबुडा दिसत होता. ती हाक मारू शकत होती. अडीच-तीन तास भिंतीच्या पलीकडे माणसं होती, आणि ती गप्प पडून राहिली, माझ्या शब्दावर. लिसनर नसता तर तिने लाजबीज सोडून पहिल्या मिनिटाला बोंब ठोकली असती, कडू कौलं काढून उतरला असता, सात वाजता ती दवाखान्यात असती. माझ्या हातून खबर उशिरा गेली एवढंच मी दोन दिवस उगाळत होतो. तिचं तोंड मी बंद केलं होतं, हे मला आत्ता कळत होतं. ती माझ्याकडे बघत होती, प्रेमाने, आणि मला ते सहन होईना.

"आत्या," मी म्हटलं, "मशीनने दहाला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझ्या हातून चूक झाली."

"बिघडलं होतं का?"

"नाही. चालू होतं." मग मी तिला सांगितलं, जमेल तेवढ्या साध्या भाषेत, की नोंद संपली तरी मशीनला आपणहून कळत नाही, कुणीतरी त्या माणसाचं नाव घेऊन विचारावं लागतं, तेव्हा ते बघतं आणि मग सांगतं. गुरुवारी मी दुसऱ्याच कामासाठी तुझं नाव टाकलं म्हणून ते बोललं. तिने हात सोडला नाही. संक्रांतीच्या आधी दहाच्या आत म्हटल्यावर ऐकलं होतं, तितकंच लक्ष देऊन तिने ऐकलं, कपाळाला आठ्या घालून.

"म्हंजे कोनी इचारलं तरच सांगते."

"हो."

"अन नाही इचारलं त?"

"तर नाही सांगत."

तिला राग आला असता तर मी तिचे पाय धरले असते, रडलो असतो, काहीतरी केलं असतं. तिला राग आला नव्हता. लहानपणी मी गणित लांबच्या वाटेने सोडवायचो, तेव्हा अक्षर न येणारी ही बाई जशी गोंधळून बघायची, तशी ती माझ्याकडे वळली.

"इचाराच लागते," ती म्हणाली, "त मलेच इचाराचं ना, बाबू."